शेळीला मानवलेला साबुदाणा

संपादकांनी पत्र पाठवलं, ‘आजी, तुमच्या खानावळीचा प्रवास लिहून द्या.’ डोंबलाचा प्रवास! बावीस वर्षं मी चुलीपासून मोरीपर्यंत गेले आणि मोरीपासून चुलीपर्यंत परत आले. एवढंच. पण दिवाळी अंकात नाव छापून येणार म्हटल्यावर कोण नाही म्हणतंय? चष्मा पुसला, नातीकडून एक वही उकळली आणि बसले.

आधी खानावळ म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या मुलांना वाटतं की ते गरिबांचं हॉटेल. हॉटेलात माणूस जीभ घेऊन येतो, खानावळीत पोट घेऊन. हॉटेलवाल्याला एकदा फसवून भागतं. आमचं गिऱ्हाईक सकाळी जेवून जातं ते संध्याकाळी परत समोर उभं. त्यामुळे भात किती लागेल, हे तांदूळ मोजून ठरत नाही, माणसं ओळखून ठरतं. घरून पत्र आलं की अमुक माणूस दोन भाकऱ्या जास्त खातो, साहेबाची बोलणी खाल्ली की तमुक माणूस ताट तसंच टाकतो. एक कोकणातले गृहस्थ होते, आमटीत आमसूल पडलं की घास हातात धरून गप्प बसायचे. त्यांच्यासाठी मी मुद्दाम आठवड्यातून एकदा आमसूल टाकायची. माणसाला थोडं रडायला मिळालं की तो खानावळ सोडत नाही.

आणि डबे! कामावर डबा नेणाऱ्यांचं पोट आपल्याला दिसत नाही. तिथं परत आलेला डबा वाचायचा. भाजी तशीच असेल तर मीठ चुकलं. भाकरीचे काठ उरले असतील तर दात दुखतोय. काहीच उरलं नाही आणि वाटीला बोटांच्या रेघा असतील, तर ती आमची पहिल्या वर्गात पास झाल्याची खूण. उष्टे डबे घासायला बाई होती, पण झाकणं मी स्वतः उघडायची. ही विद्या मला सासूबाईंनी दिली, आणि तिचा मला फार गर्व होता.

गर्वाचं काय सांगू! पिंपरीत तेव्हा शेतं संपत होती आणि कारखान्यांची कुंपणं सुरू होत होती. मी बावीस वर्षांची. माहेर खेडचं, आता त्याला राजगुरुनगर म्हणतात. यजमान दिघीला लष्करी हद्दीत नोकरीला. सकाळी जायचे ते अंधार पडताना उगवायचे, म्हणून ते या गोष्टीत नाहीत. घरात सासूबाई आणि मी. पंधरा-वीस माणसं जेवायला, आणि ‘वहिनी, तुमच्या हाताला चव आहे’ असं रोज कोणीतरी म्हणणारं. त्या वयात रोज कौतुक ऐकलं की मान आपोआप ताठ होते. माझी तर इतकी ताठ झाली होती की पायाखालचं दिसत नव्हतं.

त्या माणसांत दोघं एका ओतशाळेतले. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं, हे तिथलं काम. वितळलेल्या लोखंडाची बादली दोन लांब दांड्यांवर टांगलेली असते. पुढचा दांडा एकाने धरायचा, मागचा दुसऱ्याने, आणि दोघांनी एकाच चालीने चालायचं. एकाचा पाय अडखळला तर दुसऱ्याचे पाय गेलेच. पुढे असायचे साताऱ्याकडचे शिंदे, दोन पोरांचा बाप, तोंडाने फटकळ. मागे कासिमभाई, लातूरकडचे, इतके हळू बोलणारे की ऐकायला परात खाली ठेवावी लागे. ते अजून कायम झाले नव्हते. कायम झाले की बायकोला आणि मुलीला गावाहून आणणार होते.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, टाळून चालणार नाही. बाकी सगळे आत पाटावर बसून जेवायचे. कासिमभाईंचा डबा असायचा, एकावर एक चार ताळ्यांचा. तोही बाहेर, ओट्याच्या भिंतीला एक वेगळा खिळा होता, त्याला टांगलेला. आम्ही डब्याला हात न लावता वरून वाढायचं, आणि परत आणताना त्यांनी तो स्वतः घासून-धुवून आणायचा, हा सासूबाईंचा नियम. मला त्यात काही वाटत नव्हतं. उलट मी शेजारणीला कौतुकानं सांगायची, ‘काय स्वच्छ माणूस आहे बाई, डबा आरशासारखा घासून आणतो!’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, ते आठवलं की आजही पदर तोंडावर घ्यावासा वाटतो.

त्या वर्षी रमजान ऐन वैशाखात आला. कासिमभाई ओट्याखाली उभे राहून म्हणाले, “वैनी, जरा एक बात होती. उद्यापासून दुपारचा डबा नगं. रोजे हायत. दिवस मावळताना एकदम घेऊन जाईन. दोन ताळ्या रोजा सोडायला, दोन पहाटंच्या सहेरीला. चालंल का?”

चालेल का? मला आनंदाचं भरतं आलं. उपास म्हणजे माझा हातखंडा! खेडला आमच्या घरी आषाढी-कार्तिकी, चतुर्थ्या, सोमवार, काय नव्हतं? मी म्हटलं, “कासिमभाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. असा उपास घडवते की नाव काढाल.”

पहिल्याच दिवशी शिंद्यांच्या हाती दुपारी ताकाचा तांब्या पाठवला. उपासाला ताक चालतंच की. संध्याकाळी शिंद्यांनी तांब्या रिकामा आणून आदळला. “ताक मी प्यालो. तुम्ही काय त्या माणसाची परीक्षा बघताय काय? त्यांना दिवसा पाणीसुद्धा चालत न्हाई.”

“पाणीसुद्धा नाही?”

“थेंब न्हाई.”

म्हणजे निर्जळी! मी मनात म्हटलं, ही एकादशीची थोरली बहीण दिसते. मग तर जास्तच कडक पाळायला हवं. म्हणून मी त्यांच्या डब्यातून धान्य हद्दपार केलं. भाकरी नाही, डाळ नाही, कांदा-लसूण तर नाहीच नाही. रोजा सोडायला वऱ्याचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. आणि पहाटेला साबुदाण्याची खिचडी, हिरवी मिरची ठेचून, वर राजगिऱ्याचा लाडू. रोज. न चुकता. बाकीची गिऱ्हाइकं वांग्याचं भरीत-भाकरी खात असताना मी एका माणसासाठी वेगळा साबुदाणा भिजवत होते, आणि स्वतःच्या मोठ्या मनावर खूश होत होते.

सकाळी कामावर जाताना ते डबा खिळ्याला अडकवून जायचे. लखलखीत. संध्याकाळी विचारलं, “कशी होती खिचडी?” की एकच उत्तर, “अच्छी होती वैनी, मेहेरबानी.” मी फुगून टम्म.

नऊ-दहा दिवस असे गेले. एका बुधवारी संध्याकाळी शिंदे जेवायला बसले आणि ताटाकडे बघतच राहिले. शिंद्यांनी भाकरीला हात लावला नाही, म्हणजे काहीतरी मोठंच घडलेलं असणार.

“आज वाचलो,” ते म्हणाले. “बादली घेऊन चाललो होतो. मागचा दांडा एकदम हलका लागला. वळून बघतो तर कासिमचे डोळे पांढरे. ओरडलो तसा शेजारच्यानं दांडा झेलला. चार थेंब सांडले, वाळूत गेले. पायावर आले असते तर आज इथं जेवायला न्हाई, दवाखान्यात असतो.”

“मग कासिमभाई?”

“पाण्याचा हबका मारला, उठला. मिस्त्री म्हणतो, शनिवारी मोठं ओतकाम हाय, मशीनच्या बैठकीचं. त्यात उभा राहिला तर ठीक, न्हाईतर गेटाबाहेर. आन् मिस्त्रीचं तरी काय चुकलं? मला म्हणाला, शिंदे, तुला दुसरा जोडीदार पाहिजे असला तर आत्ताच सांग.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“शनिवारी सकाळी सांगतो म्हटलं.” शिंद्यांनी आवाज खाली आणला. “वहिनी, तो माझ्याआधी भट्टीवर येतो, वर्षात एकदा चुकला न्हाई. मी न्हाई म्हटलं की तो बाहेर. पण मला दोन पोरं हायत. पाय गेले तर?”

मी तोंडाने ‘च्’ केलं, आणि माझं डोकं कुठे होतं बघा. मला वाटलं, रोजाच एवढा कडक, त्याला कोण काय करणार! आपल्याकडून आपण खायला चांगलं देतोय.

गुरुवारी दुपारी सगळे कामावर गेल्यावर ओट्यासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात दोरी, दोरीला शेळी. शेळी अशी तुकतुकीत की माझीच नजर लागेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं. ही खैरूनबी. कासारवाडीला राहायची, गोधड्या शिवून पोट भरायची. तिच्याच पडवीत कासिमभाई भाड्यानं राहायचे.

“खानावळवाली तूच व्हय गं?”

“हो. काय पाहिजे?”

“मला काय बी नगं. तुजं गिऱ्हाईक भेटवाया आनलंय.” तिनं शेळीची दोरी माझ्यापुढे धरली. “रोज पहाटं तुजा साबुदाना हीच खाती. शेळी माजली आन् मानूस वाळला.”

मला आधी काही कळेना. मग तिनं ओट्यावर बूड टेकलं आणि सांगितलं. पहाटेपर्यंत ती खिचडी थंडगार होऊन छर्ऱ्यांसारखी कडक व्हायची. कासिमभाई दोन घास गिळायचे, मिरचीनं तोंड पोळायचं, वर घटाघटा पाणी प्यायचे, आणि उरलेली गुपचूप शेळीपुढे. मग तांब्याभर चहा, आणि चालले भट्टीवर. खैरूनबीनं त्यांना त्याच पहाटे पकडलं होतं.

“मी म्हनलं, माज्याकडची भाकर खा. तर म्हनतो, न्हाई चाची, तुमीच गोधड्या शिवून जगताय. म्हनलं, मग त्या बाईला सांग. तर म्हनतो, एवढ्या भक्तीभावानं करतीया, कसं सांगू? आन् तिनं डबा बंद केला तर दुसरी कोन देईल मला?”

हे शेवटचं वाक्य मात्र माझ्या कानात सरळ गेलं. आम्ही डबा द्यायच्या आधी त्यांनी पाच खानावळींची दारं बघितली होती, ते मला ठाऊक होतं.

“पण रोजाला धान्य...” मी पुटपुटले.

“आगं पोरी!” खैरूनबीनं कपाळावर हात मारला. “रोजा म्हंजी एकादशी न्हाई. त्यात धान्य वर्ज न्हाई, उजेड वर्ज हाय! सूर्व्या बुडला की मानूस समदं खातं. खायालाच पायजे, न्हाईतर दुसऱ्या दिशी उभा कसा ऱ्हाईल?”

आतून बांगड्या वाजल्या. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

“म्हणजे पहाटे भाकरी चालते?” त्यांनी दाराआडूनच विचारलं.

“चालती म्हंजी? पळती!” खैरूनबी म्हणाली.

मग त्या दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बसून बोलायला लागल्या, आणि मी मध्ये उभी, जशी काही मी भाजीवाली. खैरूनबी सांगत होती: सूर्य बुडल्यावर खजूर आणि गुळाचं पाणी, तेही घोट घोट, एकदम पोट भरून नाही. नमाज झाली की मग जेवण, तळलेलं कमी. मध्ये उठून-बसून पाणी पीत राहायचं, पहाटेला एकदम तांब्या रिचवून उपयोग नाही, सगळं मोरीवाटे जातं. चहा कमी. पहाटेला तिखट-मीठ बेतानं, लोणचं-पापड नकोच, नाहीतर दहा वाजताच जीभ टाळ्याला चिकटते. आणि खायचं ते पोटात बसून राहणारं. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, दही.

“पण भाकरी संध्याकाळी केलेली, पहाटे वातड होईल,” सासूबाई म्हणाल्या. साठी उलटलेल्या, जन्मभर चतुर्थ्या केलेल्या बाई त्या. पोट कशानं टिकतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. “गरम भाकरी दुधात कुस्करायची. कोमट झाली की विरजण लावायचं आणि फडकं बांधून ठेवायचं. या उन्हाळ्यात पहाटेपर्यंत डब्यातच दही लागतं. गार राहते आणि मऊ.”

“ह्ये ब्येस,” खैरूनबी म्हणाली. “आमी असंच करतो.”

दोघींचं एकमत झालं आणि मी एकटी गाढव ठरले.

खैरूनबी गेल्यावर मी सासूबाईंशी जरा रागावूनच बोलले. “आई, तो डबा धुऊन येतो ना, म्हणून मला कळलं नाही. उष्टा आला असता तर पहिल्याच दिवशी वाचला असता.”

सासूबाईंनी दुधाचं पातेलं चुलीवर ठेवलं. मग म्हणाल्या, “माझ्यावर ढकलू नकोस. साबुदाणा काही मी भिजवला नव्हता.”

आम्हा दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण पुढे गेलं नाही.

त्या संध्याकाळी डब्यात खजूर, गुळाचं पाणी, मटकीची उसळ, भाकरी, आणि खालच्या दोन ताळ्यांत दूध-भाकरी विरजून दिली. शुक्रवारी सकाळी डबा खिळ्याला. लखलखीत! मी वाकून बघते तर आरसा, त्यात माझंच मूर्ख तोंड. संध्याकाळी विचारलं तर, “अच्छी होती वैनी, मेहेरबानी.” साबुदाणाही अच्छा, भाकरीही अच्छी. या माणसाच्या तोंडावरून काही कळायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार.

“कासिमभाई,” मी म्हटलं, “उद्या डबा धुवायचा नाही.”

ते घाबरून दाराकडे बघायला लागले. “पर... मोठ्या बाई?”

“धुतलेला आणलात तर मी आत घेणार नाही. आणि शेळीला एक कण घातलात तर शेळीलाच सांगायला लावीन.”

पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. हसले की त्यांचा एक दात पडलेला दिसायचा.

शनिवारी सकाळी शिंदे चहाला आले तेच कपाळाला आठ्या घालून. “वहिनी, मिस्त्रीला काय सांगू? तुमीच सांगा. तुमी त्याला जेवू घालताय.”

खरं तर मी कोण सांगणारी? दहा दिवस मीच त्याला उपाशी ठेवलेलं. ते अजून शिंद्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं, साबुदाण्यापासून शेळीपर्यंत. त्यांनी कपाची दांडी पकडली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता खानावळ सोडतात.

मी बाहेर जाऊन खिळ्यावरचा डबा काढला. हातात धरून. आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्याला माझा हात लागला. आणि तो जड-हलका बघत आत आणला, सरळ चुलीपर्यंत. सासूबाई पोळपाट पुसत होत्या. त्यांनी मान पुढे केली.

वरची ताळी उघडली, मटकी संपलेली. दुसरी उघडली, खजुराच्या बिया, नीट एका बाजूला ठेवलेल्या. तिसरी आणि चौथी दहीभाकरीची. दोन्हीत काही नाही. फक्त तळाला चार बोटांच्या रेघा, काठापासून काठापर्यंत ओढलेल्या.

सासूबाईंनी बघितलं, मी बघितलं. मग सासूबाई पदर सावरून बाहेरच्या खोलीच्या दारात गेल्या आणि शिंद्यांना म्हणाल्या, “धरा दांडा.”

शिंद्यांनी चहा एका घोटात संपवला आणि गेले.

त्या दिवशीची आमटी मी करपवली. दुपारी भट्टी सोडतात, म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर काढतात, हे मला माहीत होतं, त्यामुळे दुपारपासून मी आत कमी आणि ओट्यावर जास्त. ऊन असं की डोळे उघडवेनात. शेजारीण म्हणाली, “कोणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “कोथिंबीरवाल्याची.” कोथिंबीर सकाळीच घेऊन झाली होती.

चार वाजून गेल्यावर दोघं येताना दिसले. शिंदे सायकल हातात धरून चालत होते आणि कासिमभाईंना मागे बसवलं होतं. मी ओट्यावरून खाली धावले. जवळ आल्यावर शिंदे ओरडले, “घाबरू नका वहिनी! चालत येत होता, मीच बसवलं. बारा फेऱ्या मारल्या राव आज, दांडा एकदा हलला न्हाई. उलट माझाच पाय घसरला एकदा, तर ह्यानं मागून तोलून धरलं!”

कासिमभाई सायकलवरून उतरले. ओठ सुकलेले, डोळे मात्र ताजे. मिस्त्रीनं त्यांना काय म्हटलं ते शिंद्यांनी सांगितलं, पण ते अंकात छापता येणार नाही, कौतुकाचंच होतं. “वैनी,” ते म्हणाले, “आजची... सच्ची अच्छी होती.”

तेव्हा कळलं की त्यांच्याकडे दोन अच्छी होत्या.

रमजान संपेपर्यंत डबा न धुताच येत राहिला. वैशाखातला उष्टा डबा बाहेर खिळ्याला टांगला तर काय होणार? मुंग्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी वरवंटा घेतला, आणि आतल्या भिंतीला, बाकी डब्यांच्या ओळीत, एक खिळा ठोकला. “मुंग्या लागतात,” एवढंच म्हणाल्या. मीही ‘हो ना’ म्हटलं. पाटावर बसायला मात्र कासिमभाईंना पुढची दिवाळी उजाडली, आणि तेही मी बोलावलं म्हणून नव्हे, शिंद्यांनी दंडाला धरून बसवलं म्हणून. ते माझ्या हातून व्हायला हवं होतं. नाही झालं.

पुढे कासिमभाई कायम झाले. बायको-मुलगी आली, माझ्या खानावळीतलं त्यांचं खातं बंद झालं आणि त्यांच्या घरचा डबा सुरू झाला. सासूबाईंची दहीभाकरी मी पुढे प्रत्येक रमजानात रोजा धरणाऱ्या गिऱ्हाइकांना देत राहिले, कारखान्यांतले चार-पाच जण तरी असायचेच. साबुदाणा एकादशीपुरता. खैरूनबीची शेळी म्हणे पंधरवडाभर पहाटे पडवीत येऊन ओरडायची.

एके दिवशी कासिमभाईंची बायको, मेहरून, पहिल्यांदाच माझ्याकडे आली. मला वाटलं, आभार मानायला. मी आधीच मान जरा ताठ केली, जुनी खोड. तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

“वैनी, ह्या माणसाला काय लावून ठिवलं तुमी? गावाकडं असताना आपलं ताट आपण धुवायचे. आता डबा आणून तसाच माज्यापुढं आदळतेत. का म्हणलं की म्हणतेत, धुतला तर वैनी रागावती.”